बिनभोकाची पॅकिंग

तेलुगूत झाकणाला ‘मूत’ म्हणतात. मराठी माणसाने हे आधीच समजून घेतलेलं बरं. मी घेतलं नव्हतं. १९७७ साली, वयाच्या चौदाव्या वर्षी मी आदिलाबादेत गॅरेजला लागलो. तिसऱ्याच दिवशी निर्मलकडचा एक ड्रायव्हर अँबेसिडर घेऊन आला, बॉनेट उघडलं आणि म्हणाला, ‘मूत दग्गर ऑइल कारुतोंदि.’ झाकणापाशी ऑइल गळतंय, एवढंच त्याचं म्हणणं. मी बेल्याचा, मराठी शाळेत सातवीपर्यंत शिकलेला. मला जे ऐकू आलं त्यावर मी हसत सुटलो. उस्तादांनी उजव्या हातातला पाना न सोडता डाव्या हाताने माझ्या डोक्यात टपली मारली. ‘ढक्कन बोलते उस कू, पोट्टे. हसने का काम नईं, खोलने का काम है.’

त्या दिवसापासून ते ढक्कन माझ्यामागे लागलं आहे. इंजिनाच्या माथ्यावरचं हे झाकण. कंपनीच्या पुस्तकात ते व्हॉल्व्ह कव्हर असतं, कुणी रॉकर कव्हर म्हणतं, कुणी हेड कव्हर, आमच्याकडे टॅपेट कव्हर. त्याच्याखाली व्हॉल्व्ह उघडणारी-मिटणारी सगळी यंत्रणा ऑइलच्या शिंतोड्यांत भिजत नाचत असते. झाकणाला स्वतःला काहीच करायचं नसतं. ते हलत नाही, ओझं पेलत नाही. आतलं ऑइल आत ठेवायचं आणि बाहेरची धूळ बाहेर. आमच्याकडे कापसाच्या मोसमात धुळीबरोबर कापसाचे तंतूही उडतात, आणि ऑइल गळणाऱ्या ढक्कनाभोवती ते असे चिकटतात की इंजिनाला मिशा फुटल्यासारख्या दिसतात.

धंद्याच्या पहिल्या पंचवीस वर्षांत मी एकही टॅपेट कव्हर बदललं नाही. खोलली असतील हजारोंनी, बदललं एकही नाही. ‘नवं टॅपेट कव्हर द्या’ असं कुणी काउंटरवर म्हणालं असतं तर दुकानदाराने आधी त्याच्या तोंडाकडे पाहिलं असतं. आता महिन्यातून दोन-तीन तरी बदलतो, आणि त्यातली बरीचशी कंपनीची नसतात, बाहेरची असतात. हे कसं झालं, ते मला सांगायचं आहे. भाव आणि नफा यांच्यापेक्षा जास्त काहीतरी त्यात आहे असं मला वाटतं.

आमच्या भागात मोटार आली ती निजामाच्या काळात. १९३२च्या जून महिन्यात निजाम स्टेट रेल्वेने स्वतःचं मोटार खातं काढलं. सुरुवात २७ बस आणि १६६ माणसं. बस अल्बियन कंपनीच्या, स्कॉटलंडमध्ये बनलेल्या. उस्तादांनी तरुणपणी, म्हणजे १९४०च्या पुढेमागे, त्या खात्यात क्लीनर म्हणून हात काळे केले होते. आजही आमच्या आरटीसीच्या, म्हणजे सरकारी, बसच्या नंबरात इंग्रजी ‘झेड’ असतो. तो निजाम मीर उस्मान अली खान यांनी आपल्या आईच्या, जहरा बेगमच्या, नावावरून घातला असं उस्ताद सांगत. सांगताना स्वतःच्या आईची आठवण काढल्यासारखा त्यांचा आवाज खाली यायचा. खरंखोटं इतिहासकारांनी पाहावं. गॅरेजात ही गोष्ट फट मोजायच्या फिलर गेजइतकीच पक्की समजली जायची.

अल्बियनचा सुटा भाग हवा तर तो जहाजाने यायचा. युद्धात तोही बंद झाला. उस्तादांच्या म्हणण्याप्रमाणे ‘डुप्लिकेट’चा धंदा तिथे सुरू झाला, आणि तो कुणी व्यापाऱ्याने सुरू केला नाही, वर्कशॉपच्या लोहारांनी केला. जो भाग आला नाही तो घडवायचा. पितळेचं बुश ओतायचं, लेथवर चढवायचं, हाताने कानस मारून जुळवायचं. त्याला नकली म्हणण्याचं कुणाच्या डोक्यातही आलं नाही, कारण अस्सल समोर नव्हताच.

स्वातंत्र्यानंतर तेच देशभर झालं. जनरल मोटर्स १९२८पासून मुंबईत शिवडीला गाड्या जोडत होती. फोर्डचंही हिंदुस्थानात बस्तान होतं. १९५३ साली टॅरिफ कमिशनच्या शिफारशीवरून सरकारने धोरण ठरवलं: इथे गाडी बनवण्याची योजना असेल तर राहा, नुसत्या पेट्यांतून आणून जोडणार असाल तर जा. १९५४ साली दोघांनीही गाशा गुंडाळला. कंपन्या गेल्या. त्यांच्या गाड्या कुठे जाणार? आमच्याकडच्या जिनिंगमध्ये कापसाच्या गाठी वाहणारे शेव्हरोले आणि बेडफर्ड ट्रक होते, ते तसेच रस्त्यावर राहिले. आईबाप गेलेली पोरं. त्यांना वीस-वीस वर्षं चालवलं ते दिल्लीच्या कश्मिरी गेटच्या बाजारानं आणि गावोगावच्या उस्तादांनी. मी धंद्यात आलो तेव्हा असा एक बेडफर्ड अजून धावत होता. त्याच्या इंजिनात बेडफर्डचं म्हणावं असं फक्त ब्लॉक आणि टॅपेट कव्हर उरलं होतं.

का? कारण टॅपेट कव्हर मरत नसे. पोलादी पत्रा दाबून बनवलेलं. वाकलं तर सरळ करायचं, गंजलं तर घासून रंगवायचं.

अँबेसिडरचं सांगतो, कारण माझे हात तिच्यावर तयार झाले. तिचं १४८९ सीसीचं पेट्रोल इंजिन मूळ इंग्लंडच्या बीएमसीचं, हिंदुस्थान मोटर्सने कलकत्त्याजवळ उत्तरपाड्याला बनवलेलं. टॅपेट कव्हर लांबट, वर ऑइल ओतायचं तोंड, आणि माथ्यावर फक्त दोन नट. ते दोन नट खालच्या दोन स्टडांवर बसतात आणि सबंध झाकण मधून दाबून धरतात. कडेला बोल्ट नाहीतच. झाकणाच्या काठाच्या आत कॉर्कची पॅकिंग बसते. एवढा साधा मामला, आणि तरी त्यातून ऑइल गळायचं. दर वेळी कारण एकच. गळतंय म्हणून कुणीतरी नट आवळलेला असायचा. नट आवळला की पत्रा मधून खाली दबतो, टोकं वर उचलतात, आणखी गळतं. मग आणखी आवळतात. उस्ताद म्हणत, ‘ढक्कन कू दबाते नईं बेटा, बिठाते.’

ढक्कन सरळ करायची त्यांची रीत अशी: दुकानाच्या जुन्या शोकेसची जाड काच त्यांनी जपून ठेवली होती. झाकण काचेवर उपडं ठेवायचं आणि चारी कोपरे बोटाने दाबून बघायचं. टकटक वाजलं की वाकलंय. मग लाकडी ठोकळ्यावर घेऊन गोल तोंडाच्या हातोडीने हळूहळू ठोकायचं, परत काचेवर. टकटक थांबेपर्यंत. अर्धा तास जायचा. ग्राहक बाहेर चहा पीत बसायचा आणि म्हणायचा, एवढ्याशा गळतीला एवढा वेळ? पण त्या गाडीला मग दोन पावसाळे थेंब सुटत नसे.

पॅकिंगही घरचीच. हैदराबादेच्या राणीगंजातून कॉर्क शीट यायची, गुंडाळी करून, बसच्या टपावर. शीट झाकणावर ठेवायची आणि काठावरून हातोडीने ठोकत जायचं. काठाच्या धारेने ती आपोआप कापली जाते. कात्री चालत नाही, कॉर्क तुटतो. मग शेलॅक लावायचं, पण फक्त झाकणाच्या बाजूला. हेडच्या बाजूला नुसता ग्रीसचा हात. म्हणजे पुढच्या खेपेला झाकण उचललं की पॅकिंग त्याच्याबरोबर उठते, फाटत नाही, आणि तीच परत चालते. नटाखाली रबरी वायसर लागायचे, ते फुटले की जाड रबर कापून नवे करायचे.

पुढची खेप ठरलेली असे. या सगळ्या गोष्टीचा कणा तोच आहे. त्या इंजिनाचे टॅपेट काही हजार किलोमीटरला सेट करावेच लागत. व्हॉल्व्हची दांडी आणि रॉकर यांच्यात जरा फट हवी, अँबेसिडरला पंधरा थाऊ. थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग. कुणाच्या तोंडून ‘पंधरा थाऊ’ ऐकलं की तो जुना मिस्त्री आहे हे आजही ओळखता येतं. फट वाढली की इंजिन टकटक करतं, कमी झाली की व्हॉल्व्ह जळतो. आठ व्हॉल्व्ह, आणि कुठला कधी सेट करायचा यासाठी उस्तादांनी मला एक हिशोब दिला, ‘नौ पूरा कर.’ इंजिन फिरवत राहायचं. आठव्या नंबरचा व्हॉल्व्ह पूर्ण उघडला की पहिला सेट करायचा, सहावा उघडला की तिसरा, पाचवा उघडला की चौथा. बेरीज नऊ. सातवीत गणितात नापास होता होता वाचलेला मी हा नवाचा हिशोब एका दुपारीत शिकलो. पुढे कळलं की असल्या चार सिलिंडरच्या इंजिनांवर जगभरचे मिस्त्री हेच करतात. पण त्या दुपारी तो आदिलाबादेतच लागलेला शोध वाटला होता.

ढक्कन वर्षातून दोनदा उघडायचंच, तर ते मजबूत हवं आणि पॅकिंग स्वस्त. बनवणाऱ्याने तोच विचार केला होता.

आता रस्त्याकडे येतो, कारण सुटे भाग रस्त्यानेच येतात. १ नोव्हेंबर १९५६ला हैदराबाद राज्य मोडलं. आमचा जिल्हा आंध्र प्रदेशात गेला, पण त्यातला किनवट आणि राजुरा मुंबई राज्यात गेले, म्हणजे आज महाराष्ट्रात. बेला, जैनद, तलमडगू, नारनूर, इंद्रवेल्ली, कितीतरी गावांत मराठी बोलणारी माणसं होती तिथंच राहिली. पैनगंगा सरहद्द झाली. माझ्या आईचं माहेर पलीकडे, सासर अलीकडे. मिस्त्रीच्या दृष्टीने याचा अर्थ वेगळा होता. आमच्यापासून नागपूर सुमारे दोनशे किलोमीटर आणि हैदराबाद तीनशेच्या वर, पण जवळच्या बाजारातून माल आणायचा तर मध्ये दोन राज्यांची नाकी, पलीकडे पिंपळखुटीला आणि अलीकडे भोरजला. सेल्स टॅक्सची कागदं, पावती, पावतीवरचा शिक्का. हैदराबादेचा माल लांबचा असून सरळ यायचा, नागपूरचा जवळचा असून अडकायचा.

त्यामुळे आमच्या गॅरेजांना दोन्ही बाजारांची चव कळली. हैदराबादेत राणीगंज आणि पुतलीबावली. तिथला दुकानदार आधी तुमच्या उस्तादाचं नाव विचारणार, मग चहा, मग भाग. नागपूरचा दुकानदार आधी गाडीचं मॉडेल विचारणार. दोघांकडेही पुन्हा दिल्लीचा माल, लुधियानाचे नट-बोल्ट, राजकोटचं ओतकाम, आणि जरा जास्त पैसे मोजले तर कोल्हापूरच्या फाउंड्रीतलं. कोल्हापूरचं ओतीव हातात घेतलं की वजनावरून कळायचं असं मी म्हणतो. माझा भाचा म्हणतो, मामा, तुमचं मराठीपण बोलतंय. असेल.

एक शब्द इथे नीट लावून घेतला पाहिजे, कारण त्याचा घोळ ग्राहकही घालतात आणि दुकानदार मुद्दाम घालतात. ‘कंपनी’ म्हणजे गाडी बनवणाऱ्याच्या डब्यातला माल. तो गाडीवाली कंपनी बहुतेक वेळा स्वतः बनवत नाही, दुसऱ्या कारखान्याकडून करून घेते. तोच कारखाना तोच भाग स्वतःच्या डब्यात विकतो तो ‘ओईएम’. तिसऱ्याच कुणीतरी नमुना पाहून बनवलेला आणि स्वतःच्या नावाने विकलेला तो ‘लोकल’. आणि लोकलच, पण वर कंपनीचं नाव, कंपनीचा होलोग्राम, तो ‘डुप्लिकेट’. लोकल विकणं हा व्यापार आहे, डुप्लिकेट विकणं ही चोरी. लोकलवाला निदान आपल्या नावाने शिव्या खायला तयार असतो. उस्ताद दुकानात भाग हातात घेऊन पहिला प्रश्न विचारायचे तो किमतीचा नव्हे: ‘बनानेवाला कौन? नाम है क्या इस पे?’

जीप मी जास्त दिवस केल्या, पण त्यांच्याबद्दल थोडंच सांगतो, नाहीतर संपणार नाही. उटनूर, नारनूर, जैनूरकडच्या डोंगरी रस्त्यांवर महिंद्राच्या जीपच माणसं वाहायच्या. पौष अमावस्येला केस्लापूरला नागोबाची जत्रा भरते. मेसराम घराण्याची महापूजा होते, गोंड माणूस कुठून कुठून पायी आणि बैलगाडीने येतो, आणि जत्रेच्या पंधरा दिवस आधी आमच्याकडे जीपांची रांग लागायची. जुन्या पेट्रोल जीपचं विलिसचं इंजिन विचित्र. आत घेणारे व्हॉल्व्ह वर हेडमध्ये, बाहेर सोडणारे खाली ब्लॉकच्या कुशीत. म्हणजे ढक्कनं दोन. वरचं सोपं. कुशीतलं मॅनिफोल्डच्या खाली, तिथे हात जायचा तो भाजूनच बाहेर यायचा. माझ्या उजव्या मनगटावर अजून खूण आहे. थंडीत आणखी एक त्रास. आदिलाबादची थंडी बाहेरच्यांना खरी वाटत नाही, पण डिसेंबरात पारा दहाच्या खाली बऱ्याचदा जातो आणि मे महिन्यात पंचेचाळीसला टेकतो. कॉर्क या दोन टोकांत सुकतो, आकसतो. जत्रेआधीची निम्मी गळती थंडीने धरलेली असायची.

१९८३च्या डिसेंबरात मारुती ८०० आली, आमच्या गावात दिसायला आणखी काही वर्षं गेली. तिचं ढक्कन ॲल्युमिनियमचं, पॅकिंग तयार रबराची. ठोकून पॅकिंग करायचं काम तिथे संपलं. खोबणीत रबर बसवा, बोल्ट आवळा. पहिल्यांदा वाटलं, काय सोपं! मग ॲल्युमिनियमचे आटे हातात यायला लागले. अँबेसिडरवर शिकलेला हात जोराचा. पाना जरा जास्त फिरला की मऊ धातूतले आटे गेलेच. त्या काळात मी आटे पाडून द्यायचं काम दुसऱ्या गॅरेजांसाठीही करायचो. अर्धे तर माझ्याच हातून गेलेले असत, हे आता सांगायला हरकत नाही. रबर कडक झालं की लोक नवं घ्यायच्या ऐवजी वरून अनाबॉन्ड सीलरचा थर द्यायचे. तो थर आतल्या बाजूलाही फुगून येतो, सुटतो, ऑइलबरोबर खाली जातो आणि गाळणीत अडकतो. ढक्कनाची गळती थांबते आणि इंजिन उपाशी मरतं.

तरीही ढक्कन तेच राहायचं. बदलायचं ते रबर.

मग दोन गोष्टी घडल्या, आणि दोन्ही इंजिनाच्या आत घडल्या, म्हणून ग्राहकाला दिसल्या नाहीत. पहिली: बऱ्याच नव्या इंजिनांत टॅपेटची फट ऑइलच्या दाबाने आपली आपण राखणारी यंत्रणा आली. पंधरा थाऊ गेले, फिलर गेज गेला, नवाचा हिशोब गेला. झाकण उघडायचं कारणच उरलं नाही. दुसरी: पिस्टनच्या रिंगांजवळून थोडा वायू नेहमीच खाली झिरपतो. आमच्या भाषेत इंजिन बॅक कॉम्प्रेशन मारतं. पूर्वी तो वायू एका नळीने हवेत सोडून द्यायचे. प्रदूषणाचे नियम कडक होत गेले तसा तो गाळून परत इंजिनालाच जाळायला देणं भाग पडलं. त्यासाठी एक झडप लागते, रबराचा पातळ पडदा लागतो, वायूतून ऑइल वेगळं करणारे कप्पे लागतात. हे सगळं ठेवायचं कुठे? ढक्कनात जागा होती. आणि पत्र्यात किंवा ॲल्युमिनियममध्ये असले कप्पे करणं महाग, प्लास्टिकमध्ये साच्यातून एका दमात निघतात. काचेचे तंतू मिसळलेलं नायलॉन, हलकं आणि आवाजही कमी करणारं.

अशा रीतीने नुसतं बसून राहणारं ढक्कन कामाला लागलं. आणि जे कामाला लागतं ते झिजतं.

२०१६च्या ऑक्टोबरात आमच्या जिल्ह्याचे चार जिल्हे झाले. त्या दिवाळीच्या सुमारास जैनदकडचा एक कापूस व्यापारी गाडी घेऊन आला. परदेशी कंपनीची, सहा-सात वर्षांची. तक्रार: ऑइल खाते आणि इंजिन शिट्टी वाजवतं. हैदराबादेला कुणीतरी त्याला इंजिन खोलायला सांगितलं होतं. मी गाडी चालू ठेवून ऑइलचं झाकण उचलायला गेलो, तर ते आतून ओढून धरल्यासारखं घट्ट. सोडवलं तर इंजिन अडखळलं आणि शिट्टी थांबली. म्हणजे ढक्कनातला पडदा फाटलेला. मनात म्हटलं, पन्नास पैशांचं रबर! पण ते रबर वेगळं मिळतच नव्हतं. कंपनीच्या यादीत त्याला नंबरच नाही. नंबर होता तो पूर्ण ढक्कनाला, आणि किंमत ऐकून व्यापारी म्हणाला, ‘मिस्त्री, एवढ्यात माझा बाप अख्खं इंजिन बांधून घ्यायचा.’ वर पंधरा दिवस थांबा.

मी बाहेरचं ढक्कन मागवलं. कंपनीच्या किमतीच्या तिसऱ्या हिश्श्यात मिळालं. चकचकीत, काळं, पॅकिंग आधीच बसवलेली. ते मी घाईत बसवलं, आणि मी इथे चुकलो. दहाव्या दिवशी गाडी परत आली, मागच्या कोपऱ्यातून ऑइल एक्झॉस्टवर पडतंय, केबिनमध्ये जळका वास. ढक्कन काढलं आणि मग जे पहिल्या दिवशी करायला हवं होतं ते केलं, काचेवर उपडं ठेवलं. हो, तीच काच. उस्तादांच्या मुलाने गॅरेज बंद केलं तेव्हा मी मागून घेतली होती. मागचा कोपरा टकटक वाजला. आणखी पाहिलं तर बोल्टच्या भोकांतली धातूची नळकांडी दोन ठिकाणी आखूड. ही नळकांडी फार महत्त्वाची. बोल्ट त्यांच्यावर टेकतो, प्लास्टिकवर नाही, म्हणून पॅकिंग ठरलेल्या मापाइतकीच दबते. ती आखूड तर प्लास्टिक चेपतं आणि तडकतं. भागावर बनवणाऱ्याचं नाव कुठेच नव्हतं. विकणारा म्हणाला, असं कधी होत नाही. दुसरं ढक्कन मी माझ्या पैशाने आणलं. या वेळी नाव असलेलं, दोन्ही काचेवर ठेवून, कॅलिपरने नळकांडी मोजून. ते आजही त्या गाडीवर आहे.

तेव्हापासून माझा नेम ठरला. बाहेरचं ढक्कन आलं की आधी काच. मग नळकांडी. मग झडपेच्या तोंडाला तोंड लावून फुंकर मारून पडदा हलतो का ते पाहायचं, पोरं हसतात. साच्याचे बारीक काटे आत राहिलेत का ते बोटाने चाचपायचं, कारण तेच सुटून ऑइलमध्ये जातात. प्लगच्या विहिरींची रबरी कडी नवी आहेत ना. हेड आणि टायमिंग कव्हर जिथे मिळतात त्या दोन कोपऱ्यांवर सीलरचा हरभऱ्याएवढा ठिपका, त्याहून जास्त नाही. बोल्ट मधून सुरू करून बाहेर जायचं, दोन फेऱ्यांत, टॉर्क पान्याने. लागतो किती जोर? बहुतेक गाड्यांना आठ-दहा न्यूटन मीटर, म्हणजे दोन बोटांचा. पंचवीस वर्षं पान्याला लटकलेल्या माणसाला दोन बोटांवर यायला फार वेळ लागला.

लोकल वाईट आणि कंपनी चांगली, असं मी म्हणत नाही. एखादी कंपनी पन्नास पैशांचं रबर हजारोंच्या झाकणात पुरून ठेवते आणि वेगळं विकत नाही, तेव्हा लोकलवाल्याला तीच बोलावणं पाठवते. हे एकट्या मिस्त्रीचं रडगाणं नाही. २५ ऑगस्ट २०१४ला भारतीय स्पर्धा आयोगाने चौदा कार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४४ कोटी रुपयांचा दंड सुनावला. सुटे भाग आणि दुरुस्तीची माहिती खुल्या बाजारात येऊ देत नाहीत, म्हणून बाहेरच्या गॅरेजांना काम करता येत नाही, हा ठपका होता. एका ग्राहकाने केलेल्या तक्रारीतून ते प्रकरण उभं राहिलं होतं. कंपन्या अपिलात गेल्या. ती बातमी मी पेपरातून कापून गल्ल्याच्या काचेखाली ठेवली होती. १ जुलै २०१७ला जीएसटी आला आणि सेल्स टॅक्सची नाकी उठली, त्याचा फायदा मात्र आम्हाला लगेच दिसला. नागपूरचा माल पहिल्यांदा खरोखर जवळ आला. साठ वर्षांनी पैनगंगा निदान सुट्या भागांपुरती आटली.

आता गॅरेज मावल्याच्या बायपासकडे आहे आणि ते भाचा चालवतो. त्याला भाग फोनवरून मागवता येतो. चाशीच्या नंबरावरून कुठलं ढक्कन लागेल ते त्याला मिनिटात कळतं, मला अर्धा दिवस लागायचा. पण काचेवर ठेवायला तो विसरतो.

मागच्या महिन्यात बेल्याहून एक अँबेसिडर आली. जुनीच, पेट्रोलची. मालकाच्या वडिलांची आठवण, लग्नाच्या वरातींना भाड्याने जाते. टॅपेट कव्हरमधून ऑइल. अख्ख्या आदिलाबादेत कॉर्क शीट मिळाली नाही, शेवटी राणीगंजातून आली, गुंडाळी करून, बसच्या टपावरच. मी शीट झाकणावर ठेवली आणि हातोडी भाच्याच्या हातात दिली. ठोकत काठाकाठाने तो सबंध फेरा फिरला, छान कापली त्याने, कुठे तुटली नाही. मग पॅकिंग उचलून उजेडात धरली, उलटी केली, परत सुलटी केली.

‘मामा, हिला भोकं कुठायत?’

‘नसतात.’

तो बराच वेळ त्या दोन नटांकडे बघत राहिला. मग शेलॅकची बाटली घेतली आणि हेडला लावायला निघाला.

‘झाकणाला लाव,’ मी म्हटलं. ‘हेडला ग्रीस.’